बिनलेबलाची पिशवी

रुग्णालयात कामाला आहे म्हटलं की लोक तनुजाला लगेच रक्तदाबाच्या गोळीबद्दल विचारायचे. मग ती सांगायची, मी तिथला कचरा बघते. त्यावर लोक गप्प व्हायचे, आणि तिला तेच हवं असायचं.

तशी ती शिकलेली परिचारिका. पण बिबवेवाडीतल्या त्या मध्यम आकाराच्या रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचं खातं तिच्या गळ्यात पडलं होतं. नाव भारदस्त, काम एकच: आतून बाहेर पडणारी घाण ठरलेल्या रंगाच्या पिशवीतून पडते की नाही ते पाहणं. नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. रक्ताचे बोळे, उतरवलेली प्लास्टरं आणि माणसाच्या अंगातून कापून काढलेलं जे काही असेल ते पिवळ्या पिशवीत. पिवळी पिशवी थेट भट्टीत जाते. तिचं तोंड एकदा बांधलं की पुन्हा उघडायचं नाही, हा नियम तनुजा नव्या मुलींना इतक्या वेळा ऐकवायची की त्या तिच्या पाठीमागे तिची हुबेहूब नक्कल करायच्या.

सरकारनं या पिशव्यांना माणसांपेक्षा कडक ओळखपत्र दिलं आहे. प्रत्येक पिशवीवर काळ्या रेघांचं लेबल लागतं. ती कोणत्या रुग्णालयाची, कोणत्या वॉर्डातली, सगळं त्यात असतं. सकाळी कचऱ्याची बंद गाडी येते, गाडीवाला सूरज ते लेबल हातातल्या यंत्रानं वाचतो, वजन करतो, आणि ते तिथल्या तिथे सरकारच्या संगणकात जातं. लेबल नसेल तर पिशवी गाडीत चढत नाही. आणि दोन दिवसांच्या वर पिशवी रुग्णालयात ठेवता येत नाही. म्हणजे बिनलेबलाची पिशवी ना देता येते ना ठेवता येते. तशी पिशवी असूच नये, एवढंच सरकारचं म्हणणं.

नियमाप्रमाणे लेबल वॉर्डातच चिकटवायला हवं. पण वॉर्डातल्या सिस्टरांना पाणी प्यायला फुरसत नसते. म्हणून तनुजानं सगळ्या वॉर्डांची लेबलांची गुंडाळी आपल्याकडेच ठेवली होती. सकाळी मागच्या अंगणातल्या कचराखोलीत उभी राहून ती ढकलगाडीवाल्या रतनला विचारायची, "ही कुठली?" तो सांगायचा, ती चिकटवायची. सगळ्यांची सोय झाली होती आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

त्या वर्षी गणपती बसले त्याच आठवड्यात तिचे वडील तिच्याच रुग्णालयात, वरच्या मजल्यावर पुरुषांच्या वॉर्डात दाखल झाले.

बद्रीनाथअण्णा कसब्यातले तांबट. हंडे, बंब, घंगाळी घडवण्यात जन्म गेलेला माणूस. तांबट भांडं लोखंडी दांड्यावर अडकवतो आणि डाव्या पायानं दाबून धरतो, कारण दोन्ही हात कामात असतात. त्या दाबानं अण्णांचा डावा अंगठा बाहेरच्या बाजूला चपटा झाला होता आणि त्याच्या कडेला सुपारीएवढी कडक गाठ आली होती. लहानपणी तनुजा त्या गाठीवर नखानं टिचकी मारायची आणि अण्णा "दुकान बंद आहे" म्हणायचे. आई गेल्यापासून घरात दोघंच होती, आणि घर म्हणजे खाली दुकान, वर दोन खोल्या.

त्याच पायाला तांब्याचा कपचा लागला. मधुमेह होताच. अण्णांनी जखमेवर हळद दाबली आणि गणपतीच्या तोंडावर आलेली कामं उरकली. मुलीला सांगितलं तेव्हा पायाची दोन बोटं निळी पडली होती. तनुजा त्यांच्यावर इतकी ओरडली की शेजारचे कारागीर हातोडे थांबवून बाहेर आले.

"प्रयत्न करतोय," डॉक्टर शुभंकर म्हणाले. हा तरुण सर्जन खोटा धीर देत नसे. "पण काळेपणा वर सरकला तर घोट्याच्या वरून काढावा लागेल. जिवापेक्षा पाय मोठा नाही."

अण्णांनी हे ऐकलं आणि छताकडे पाहत म्हणाले, "पाय काढलात तर हातही काढून घ्या. नुसते ठेवून काय करू?"

तनुजा तिथून निघाली ती जिन्यात जाऊन रडली. मग तोंड धुऊन महिला वॉर्डात गेली, कारण तिथे कुणीतरी पुन्हा हातमोजे पिवळ्या पिशवीत टाकले होते.

महिला वॉर्डात खिडकीपाशी दुर्गाबाई होत्या. अप्पर इंदिरानगरात घरी पोळीभाजीचे डबे करणारी, साठीच्या आतबाहेरची बाई. ओट्यावरून पातेलं उतरवताना पाय घसरला आणि डावा घोटा मोडला. प्लास्टर घातलं होतं, सूज उतरली की घरी जायचं, एवढंच त्यांचं दुखणं. बाकी तोंड खणखणीत होतं.

"या कचरामंत्री," त्या तनुजाला म्हणायच्या. "माझं हे प्लास्टर उतरवल्यावर कुठल्या रंगात जाणार गं?"

"पिवळ्या."

"शी. मला तो रंग आवडत नाही." मग उशीखालची चिवड्याची पुडी पुढे करायच्या. "घे. तोंड बघ कसं झालंय तुझं. वडिलांचं होईल नीट."

विसर्जनाचे ढोल थांबले, रस्ते धुतले गेले, आणि नंतरच्या एका सकाळी रतन कचराखोलीच्या दाराशी डोकं खाजवत उभा होता. हा भंडाऱ्याकडचा माणूस, पुण्यात बरीच वर्षं काढून बोली तशीच ठेवलेला.

"ताई, एक थैली जास्तीची हाय जी."

"कुठली?"

"तेच तर. म्या नाही आणली."

खोलीच्या मधोमध, बाकीच्या पिशव्यांपासून सुटी, एक पिवळी पिशवी होती. तोंड नीट बांधलेलं. ओघळ नाही, वास नाही. तनुजानं हातमोजे चढवून ती उचलली आणि लगेच खाली ठेवली. पिशवी कोमट होती.

"जनरेटरच्या भिंतीला लावली होतीस का?"

"नाही जी. इथंच होती, मधात."

सूरजची गाडी आली. त्यानं सगळ्या पिशव्या यंत्राखालून काढल्या आणि या पिशवीपाशी थांबला.

"लेबल?"

"कुठली ते कळत नाहीये. बघते मी."

"मग मला ती दिसलीच नाही," सूरज म्हणाला आणि दार लावून निघून गेला.

तनुजानं सगळे वॉर्ड पालथे घातले. प्रसूतिगृहात विचारलं, शस्त्रक्रियागृहात विचारलं. कुणी काही कापलं नव्हतं, कुणी काही पाठवलं नव्हतं. मागच्या अंगणातला कॅमेरा ऑक्सिजनचा सिलिंडर चोरीला गेल्यापासून फाटकाकडे वळवून ठेवला होता, त्यात येणारी-जाणारी कुत्री तेवढी दिसली. शेवटी तिला वाटलं, कुणीतरी चूक केली आहे आणि आता कबूल करायची लाज वाटते आहे. अशी माणसं ती रोज पाहत होती.

त्या दिवशी अण्णांचा पाय गार पडला.

"दुखत नाही आता," ते म्हणाले. त्यांना ती चांगली खबर वाटत होती. "कालपर्यंत ठणकत होता. आज जणू नाहीच तिथे."

शुभंकर खाली वाकून बराच वेळ नाडी शोधत राहिले. मग तनुजाला बाहेर घेऊन म्हणाले, "दोन दिवस बघू. संमतीचं मनात असू द्या."

दुसऱ्या सकाळी पिशवी तिथेच होती, आणि कोमटच होती. एका रात्रीत कुठलीही गोष्ट गार होते, हे समजायला शिकलेलं असावं लागत नाही. रतन दाराबाहेरच उभा राहिला. आत यायला त्यानं कारण सांगून नकार दिला नाही, नुसता आला नाही.

तनुजाला स्वतःचा राग आला. आपण शरीरशास्त्र शिकलो आहोत, हे काहीतरी साधं असणार, म्हणून तिनं गुडघ्यावर बसून प्लास्टिकवरून हात फिरवला. टाच लागली. मग तळव्याचा खोलगट भाग. मग बोटं. कुणाचातरी पाय होता, घोट्याच्या वरून काढलेला. म्हणजे चूक नव्हती, गुन्हा होता, आणि तिला मनात कुठेतरी हायसंही वाटलं. गुन्ह्याला नाव असतं. तिनं हात पुढे सरकवला. अंगठा बाहेरच्या बाजूला चपटा होता, आणि त्याच्या कडेला सुपारीएवढी गाठ होती.

तिनं ती दाबली. खात्री करायला, जोरात.

मग ती जिने चढून वर गेली. अण्णा उठून बसले होते. पाय पांघरुणाबाहेर होता, बँडेजमध्ये, जागेवर.

"तू आली होतीस का आत्ता?" अण्णांनी विचारलं.

"नाही. का?"

"कुणीतरी अंगठा दाबला." ते पायाकडे पाहत होते. "कालपासून या पायात काही कळत नाही. डॉक्टरांनी टोचलं, ते कळलं नाही. हे मात्र कळलं."

तनुजानं बँडेजवर हात ठेवला. खाली पाय होता, पण फरशीसारखा गार. ऊब खाली होती, कचराखोलीत.

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं काय आणि कुणाला? तिला फक्त एवढं कळत होतं की ती पिशवी भट्टीत जाता कामा नये. दुपारभर ती वर-खाली करत राहिली. बसली की उठावंसं वाटे, उठली की पिशवी एकटी आहे असं वाटे. पिशवी घरी नेण्याचाही विचार तिनं केला. कापडी पिशवीत घालून, स्कूटरवर पायाशी ठेवून, स्वारगेटवरून कसब्यात. मग पुढे? माळ्यावर? शेवटी तिनं रिकामी खोकी आणून कोपऱ्यात रचली आणि पिशवी त्यांच्यामागे ठेवली, अलगद, टाच खाली करून.

तिसऱ्या सकाळी हिंमतराव आले.

हिंमतराव निरीक्षक. रुग्णालयाचा कचऱ्याचा परवाना नूतनीकरणाला आला होता, आणि ते न कळवता यायचे म्हणून प्रसिद्ध होते. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, चहाला नको म्हणणारे. तसा माणूस खात्याला लाभावा असं तनुजाच लोकांना सांगायची.

त्यांनी डबे पाहिले, वजनकाटा पाहिला, हात धुण्याचा नळ सोडून पाहिला. मग खोक्यांकडे वळले.

"कचराखोलीत गोदाम कधीपासून?"

"हलवतेच आहे, सर."

त्यांनी स्वतःच वरचं खोकं बाजूला केलं.

"ही कोणाची?"

"चौकशी चालू आहे."

"कचऱ्याची चौकशी नसते, बाई. कचऱ्याचं लेबल असतं. कधीपासून आहे?"

तनुजानं खोकं उचलून पुन्हा जागेवर ठेवलं. तेवढ्यावरून त्यांना हवं ते कळलं.

"आपलं काम मी ओळखतो," ते जरा मऊपणे म्हणाले. "आपल्याकडे असं होत नाही. वॉर्डानं लेबल लावायचं राहिलं असेल. लावा, गाडीत चढवा, आणि मी बघितलं नाही असं मला म्हणू द्या. नाहीतर मला पंचनामा करून ती उघडावी लागेल. गाडी येईपर्यंत बसतो मी."

आणि ते प्लास्टिकची खुर्ची ओढून दारातच बसले.

उघडली तर आत काय आहे ते सगळ्यांना दिसेल. मग तो पाय कोणाचा, हा प्रश्न येईल. आणि त्याचं उत्तर वर कॉटवर होतं. तनुजाला शहाण्या माणसासारखा विचार करायचा होता, पण मनात अण्णांचा आवाज घुमत होता. नुसते हात ठेवून काय करू.

फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला.

सूरज नेहमीप्रमाणे गुणगुणत आला आणि निरीक्षकांना पाहून गुणगुणायचा थांबला. एकेक पिशवी यंत्राखालून जाऊ लागली. टिंग. टिंग. तनुजानं ॲप्रनच्या खिशात हात घातला. आत सगळ्या गुंडाळ्या होत्या. बोटांना पहिली लागली ती पुरुषांच्या वॉर्डाची.

तिनं ती सोडून दिली.

ते लेबल लावलं, तर हा पाय त्या वॉर्डातून निघाला असं होईल. सरकारच्या संगणकात तसं जाईल. आणि मग ते तसं होईल. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण इतकी वर्षं रोज सकाळी तिनं हेच केलं होतं: ती चिकटवायची, आणि पिशवी तिथली व्हायची.

बोटांना दुसरी गुंडाळी लागली. महिला वॉर्ड.

साधा कागद आहे, तिनं स्वतःला सांगितलं. साधा चिकट कागद.

"कुठली?" सूरजनं विचारलं.

"महिला वॉर्ड," तनुजा म्हणाली, आणि लेबल दाबून बसवलं. प्लास्टिकखाली काहीतरी हललं, झोपेत कूस बदलावी इतपत.

टिंग.

सूरजनं पिशवी उचलली, हात बदलला, पुन्हा बदलला. गाडीचं दार लागलं. हिंमतरावांनी उठून खुर्ची होती तिथे ठेवली, "छान," म्हणाले आणि गेले.

दुपारी वरून रतन धावत आला तेव्हा तनुजाला वाटलं, संपलं सगळं. पण तो हसत होता. "ताई, बाबाचा पाय गरम झाला जी!"

अण्णांच्या पायाची नाडी लागली होती. संध्याकाळपर्यंत बोटांचा रंग फिरला. शुभंकर दिवसातून दोनदा बँडेज सोडून पाहायला लागले, आणि दर वेळी सोबत कुणालातरी घेऊन यायचे. "पुस्तकात असं नाही," ते म्हणाले. "पण पुस्तकापेक्षा हे बरं." तनुजानं सारसबागेतल्या गणपतीला जाऊन पेढे ठेवले. तिला आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. रस्त्यानं चालताना हसू येईल इतका झाला होता.

महिला वॉर्डात ती दोन दिवस फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी जावंच लागलं.

दुर्गाबाई घरी गेल्या नव्हत्या. प्लास्टर कापून काढलं होतं आणि पाय चादरीखाली होता. चिवड्याची पुडी उशाशी तशीच होती.

"गार पडलाय गं," त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "दुखत नाही. नुसता जणू नाहीच तिथे."

प्लास्टरखाली रक्तप्रवाह अडला असावा, असं शुभंकरनी सांगितलं. पण सांगताना ते स्वतःच घातलेल्या प्लास्टरच्या तुकड्यांकडे पुन्हा पुन्हा पाहत होते. प्लास्टर सैल होतं. काळेपणा बोटांवरून टाचेवर, टाचेवरून घोट्यावर, त्यांच्या डोळ्यांदेखत सरकला. दुर्गाबाईंची सून पूर्णिमा संमतीच्या कागदावर सही करताना कोऱ्या चेहऱ्यानं विचारत होती, "पण त्या तर घसरल्या होत्या फक्त. फक्त घसरल्या होत्या ना?"

शस्त्रक्रिया झाली त्या सकाळी तनुजा कचराखोलीत उभी राहिली. शस्त्रक्रियागृहातून पिवळी पिशवी यायची होती. ती आली की तिच्यावर लेबल लावायचं, दोन हात जोडायचे, असं तिनं ठरवलं होतं. रतन रिकामी ढकलगाडी घेऊन परतला. त्याच्यामागून शस्त्रक्रियागृहाच्या मुख्य सिस्टर शर्मिला आल्या, हिरव्या कपड्यांतच. इतक्या वर्षांत त्या कधी खाली आल्या नव्हत्या. त्यांनी दार लोटून घेतलं.

"पिशवी येणार नाही, तनुजा."

"का?"

"मी स्वतः ट्रे धरला होता. सरांनी पाय त्यात ठेवला. वजन लागलं मला हाताला." त्यांनी रिकामे तळहात पुढे केले आणि त्यांच्याकडे पाहत राहिल्या. "पिशवी घ्यायला वळले. परत फिरले तर ट्रे कोरडा होता. रक्ताचा थेंबसुद्धा नाही."

"सर काय म्हणाले?"

"सर म्हणाले, पाठवला असेल कुणीतरी. चौकशी झाली तर पाठवल्याची नोंद दाखवावी लागेल, म्हणून मी संगणकात बघितलं." त्या थांबल्या. "नोंद आहे. महिला वॉर्ड. गेलाय आधीच."

शर्मिलाबाईंनी आणखी काही विचारलं नाही. कागदावर सगळं जुळत होतं, आणि जे जुळतं त्याबद्दल कुणी विचारत नाही. परवान्याचं नूतनीकरण झालं. हिंमतरावांनी शेऱ्यात रुग्णालयाचं कौतुक केलं, आणि व्यवस्थापनानं ते चौकटीत घालून स्वागतकक्षात लावलं.

अण्णा स्वतःच्या पायांनी घरी गेले.

नवरात्र लागलं. तनुजाला आता बसवत नसे. जेवताना ती उभी राहून जेवायची. दुर्गाबाईंची जखम भरत होती, म्हणून रोज कामानंतर ती त्यांच्या कॉटपाशी जायची, फळं ठेवायची, आणि सांगायचं ठरवून आलेलं न सांगता परत फिरायची.

"एक विचारू का गं?" दुर्गाबाई एकदा म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, पाय गेला तरी आहेसा वाटतो. सगळ्यांना वाटतो म्हणे."

"हो. वाटतो."

"मग त्यांना ठणकतो, खाजतो. माझं तसं नाही." त्यांनी चादरीच्या सपाट भागाकडे पाहिलं. "माझा कुणीतरी धातूवर ठेवतं. गार असतो, तांब्यापितळेसारखा. आणि शेजारी ठोके पडतात. दिवसभर. दुपारी जेवायला थोडे थांबतात, मग पुन्हा. अंग मोडून येतं गं माझं. इतकं काम मी कधी केलं नाही त्या पायानं."

तनुजाच्या हातातलं सफरचंद खाली पडलं. ते कॉटखाली गेलं, आणि ती बराच वेळ ते शोधत खाली वाकून राहिली.

खंडेनवमीला कसब्यात तांबट हत्यारं पूजतात. त्या दिवशी हातोडा चालत नाही, आणि सगळ्या आळीत अशी शांतता पसरते की आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येतो. अण्णांनी दुकान धुतलं होतं. पाटावर हातोडे, कातऱ्या, लोखंडी दांडा, सगळं मांडून झेंडूची फुलं वाहिली होती. धुतलेलं धोतर नेसून ते पाटामागच्या बाकावर बसले होते. चेहरा ओढलेला होता.

"पाय दुखतो का?" तनुजानं विचारलं.

"दुखत नाही. ऐकत नाही." ते हसले, पण ते हसू टिकलं नाही. "भांड्यावर ठेवतो, हा बाजूला सरकतो. पुन्हा ओढून ठेवावा लागतो. काम शिकवतोय त्याला, असं वाटतं. या वयात." मग जरा वेळानं म्हणाले, "आणि दार उघडं असलं की दाराकडे वळतो. मी वळवत नाही गं. तोच."

"बरं होईल हळूहळू."

"होईल ना," अण्णा म्हणाले. "चल, नमस्कार कर. प्रसाद घे."

तनुजानं हत्यारांना हळदकुंकू वाहिलं. मग दरवर्षीप्रमाणे अण्णांच्या पायाशी वाकली.

बँडेज निघाल्यापासून तिनं तो पाय नीट पाहिला नव्हता. पाहायचं टाळलं होतं.

अंगठा सरळ होता. गाठ नव्हती. तळव्याच्या कडेची कातडी मऊ होती, पाण्यात काम करणाऱ्या बाईची असते तशी. आणि दुसऱ्या बोटाभोवती, जिथे वर्षानुवर्षं जोडवं असतं तिथे, फिकट पट्टा होता.

अण्णा वरून काहीतरी आशीर्वाद पुटपुटत होते.

तिनं डोळे मिटले आणि दोन्ही हात पुढे केले.

उजवा पाय जागेवर होता. गार, खरखरीत, ओळखीचा.

डावा मागे घेतला गेला होता, बाकाखाली, तिचा हात पोचणार नाही इतका आत.